तीन म्हणेन तेव्हा

मी आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही, एक गोष्ट सोडली तर. ती मात्र मी उन्हाळी बॅचला दिवसातून चाळीस वेळा करत आले.

मी पोहायला शिकवते. मूल पाण्यावर उताणं झोपतं, माझा तळहात त्याच्या पाठीखाली असतो. मी सांगते, मान सैल सोड, पोट वर घे, छताकडे बघ. मी एक, दोन, तीन म्हणणार आणि तीन म्हणेन तेव्हा हात काढणार, तोवर तुला माझा हात आहे. आता मूल काही बावळट नसतं. तीन जवळ आलं की ते अंग आखडतं, आणि आखडलेलं अंग बुडतं. म्हणून मी दोनलाच हात काढते. तीन म्हणेपर्यंत मूल आपलं आपण तरंगत असतं आणि त्याला पत्ताही नसतो. मध्येच विचारतं, "बाई, सोडलात का हात?" मी म्हणते, "नाही." अडतीस वर्षं हे असंच चाललंय. दुसरे कोच फळ्या आणि हवा भरलेले पट्टे घेऊन बसतात. मला एक आकडा पुरतो, याचा मला कोण अभिमान.

पोरांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. पाण्यात सगळ्यांची डोकी टोपीत असतात आणि ओरडताना सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. मग मी आपली टोपणनावं ठेवते. बेडकी, पिंप, खांब, शिंकऱ्या. कुणाला त्याचं वाईट वाटत असेल असं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. आणि माझं एक वाक्य आहे, "घाबरायचं काय त्यात?" ते मी इतक्या वेळा म्हणते की पोरं माझी नक्कल करतात ती त्याच वाक्यानं, कमरेवर हात ठेवून.

आणि हीच मी. दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की माझी पाचावर धारण बसते.

यंदा खालची डावी दाढ दुखायला लागली. शिट्टी मी त्याच बाजूला दातात धरते, त्यामुळे आधी मी शिट्टीला दोष दिला. शिट्टी बदलली. मग गार पाण्याला दोष दिला, मग उशीला. लवंग दाबून ठेवली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, एका बाजूनं चावत राहिले. घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं, पण माझ्या सुनेपासून काही लपत नाही. तिनं आठवडाभर मला नुसतं सूप पिताना पाहिलं आणि आठव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आई, आरशात बघा, डावा गाल उजव्याच्या दीडपट झालाय. मी म्हटलं, वय झालं की अंग सुटतं. ती म्हणाली, एकाच बाजूनं?

तिनं वेळ घेतली. त्या पहिल्या वेळी मी आत गेले, खुर्ची पाहिली आणि मदतनीसबाईंना सांगितलं की तलावाचा पंप चालू राहिलाय, पाणी रस्त्यावर येईल. सून गाडी लावून वर येईपर्यंत मी दोन गल्ल्या ओलांडल्या होत्या, गळ्यात तो कागदी लाळेरा तसाच. दुकानदार वळून वळून बघत होते. दुसऱ्या वेळी सुनेनं माझा दंड धरून मला खुर्चीपर्यंत नेलं. मी डोळे मिटून बसले, तोंड उघडलं, आणि डॉक्टरनं आरसा आत घातल्याबरोबर त्याचं बोट चावले. मुद्दाम नाही. जबडा आपला आपणच मिटला. डॉक्टरनं हातमोजा काढला, बोट नळाखाली धरलं, नवा हातमोजा चढवला आणि सुनेला म्हणाला की पुढच्या वेळी आपण गॅस वापरू.

डॉक्टर तरुण होता, पस्तिशीच्या आतबाहेरचा. तोंडावर मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा, त्यामुळे चेहरा म्हणून काही दिसायचा नाही. बोलायचा हळू. त्यानं नीट समजावून सांगितलं. नाकावर एक छोटा मास्क बसवायचा, त्यातून आधी नुसता ऑक्सिजन, मग थोडा थोडा गॅस. झोप लागत नाही, माणूस जागा असतो, सगळं ऐकतो, उत्तरं देतो, फक्त भीतीची पकड सुटते. दात बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं, पण ते तितकंसं टोचल्यासारखं वाटत नाही. शेवटी पाच मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन, की गॅस उतरला, माणूस आपल्या पायांनी घरी. नाक चोंदलेलं नाही ना, दमा वगैरे नाही ना, असं त्यानं विचारलं. मी जरा घुश्शातच सांगितलं की मी एका दमात पाण्याखालून तलावाची एक लांबी पार करते, बासष्टाव्या वर्षी. श्वास हा माझा धंदा आहे.

सून म्हणाली, यालाच हसवणारा गॅस म्हणतात ना? तिच्या डोळ्यांतली चमक मला मुळीच आवडली नाही. मी तिथल्या तिथे अट घातली की तिचा फोन पिशवीत राहील आणि पिशवी बाहेर.

मग डॉक्टरनं दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून मात्र माझी अट वगैरे विरून गेली. दाढेच्या मुळाशी पू झालाय. गोळ्यांनी तो चार दिवस दबून राहील. गुरुवारी मुळं साफ केली तर दाढ वाचेल आणि सोमवारी मी पाण्यात उतरू शकेन. नाही केली तर दाढ काढावी लागेल, सुजलेल्या जबड्यात, आणि मग महिनाभर तलाव विसरा. सोमवारी माझी उन्हाळी बॅच सुरू होणार होती. बेचाळीस पोरं. अडतीस वर्षांत मी एकही बॅच चुकवलेली नाही, मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. आणि काय सांगणार होते मी त्या बेचाळीस जणांच्या आईबापांना? की तुमच्या पोरांना भिऊ नका म्हणून सांगणारी बाई खुर्चीला भ्यायली?

तर गुरुवार. मी स्वतःच्या पायांनी वर गेले, एवढं श्रेय मला द्यायला हरकत नाही.

खोली लहान होती, स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. मधोमध ती खुर्ची, वर दिवा, बाजूला कागदाखाली झाकलेला ट्रे. कागदानं कशाला झाकतात ते मला कळतं, मीही खोल बाजूची पाटी पहिल्या दिवशी टॉवेलनं झाकते. खुर्चीमागे गॅसचं यंत्र. त्यावर दोन उभ्या काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एक छोटा गोळा वर-खाली होणारा, आणि खाली एक करड्या रंगाची रबरी पिशवी लोंबत होती. मदतनीसबाई माझ्याच वयाच्या, केसांना जाळी लावलेल्या. पंपाची थाप त्या विसरलेल्या नव्हत्या, कारण त्यांनी आल्याआल्या विचारलं, आज सगळे नळ बंद करून आलात ना? मग त्यांनी विचारलं, मास्कला वास कोणता हवा, व्हॅनिला की स्ट्रॉबेरी. मी म्हटलं, बिनवासाचा. तो नव्हता. व्हॅनिला घेतला.

सून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. डॉक्टरनं खुर्ची मागे झुकवली. मी उताणी, पाय वर, डोकं खाली, आणि डॉक्टर म्हणाला, "मान सैल सोडा." माझी मान दरवाजासारखी ताठ होती. बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला, तर ते यंत्र टिकटिकायच्या ऐवजी धावतच सुटलं.

मग डॉक्टरनं एक गोष्ट सांगितली. डावा हात वर केलात की मी थांबणार, म्हणाला, केव्हाही, कशाच्याही मध्ये. मला हे खरं वाटलं नाही. अशी वाक्यं मीही बोलते. म्हणून मी लगेच हात वर केला. त्यानं अजून काहीच सुरू केलं नव्हतं, तरी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि स्टूल वीतभर मागे सरकवलं. मी हात खाली घेतला, तो पुढे आला. मी पुन्हा वर केला, तो पुन्हा मागे. तिसऱ्यांदा सून म्हणाली, आई, ते काही कवायत करायला आलेले नाहीत. पण डॉक्टर तिसऱ्यांदाही तितकाच मागे गेला.

नाकावर मास्क बसवला. दोन मऊ नळ्या गालांवरून मागे गेल्या. आधी ऑक्सिजन, मग तो म्हणाला, आता थोडा गॅस सोडतोय, बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटेल. मी वाट बघितली. दोन मिनिटांनी त्यानं विचारलं, मुंग्या? नाहीत. ऊब? नाही. पाय जड, हलके, कसेही? पाय जिथे होते तिथेच होते. त्यानं गोळा आणखी थोडा वर चढवला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच प्रश्न, माझी तीच उत्तरं. मी इतकी शुद्धीवर होते की छतावरच्या टाइल्स मोजून झाल्या होत्या, छप्पन्न, आणि त्यातल्या तीन बसवताना गवंड्यानं आळस केला होता तेही सांगून झालं होतं. खुर्चीचे हात मी असे धरले होते की उजवा जरा करकरला.

मदतनीसबाईंनी नळ्या तपासल्या. जोड तपासले. मास्क काढून दुसरा आणला, स्ट्रॉबेरीचा. काहीही नाही. त्या म्हणाल्या की वीस वर्षांत असा पेशंट पाहिला नाही, गॅस यांना भीत असावा. सुनेला हसू आवरेना. मला मात्र एकच मार्ग होता आणि तोही माझ्यावर चालत नव्हता. म्हणजे आता दाढ जाणार, बॅच जाणार, आणि घरोघर सांगितलं जाणार की कोचबाई पळाल्या. मी हात वर करणार होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की डॉक्टर यंत्राकडे बघतच नाहीये. तो त्या रबरी पिशवीकडे बघत होता. पिशवी टम्म फुगलेली होती आणि जराही खाली-वर होत नव्हती. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं, एका बाजूनं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही तोंडानं घेताय आणि नाकानं सोडताय."

अर्थात. दुसरं काय करणार? पाण्यात नाकानं श्वास घेणारा माणूस दुसऱ्यांदा घेत नाही. तोंडानं घे, नाकानं सोड, हे मी अडतीस वर्षं रोज ओरडत आले, आणि घाबरल्यावर शरीर तेच करतं जे त्याला सर्वांत जास्त वेळा शिकवलंय. पंधरा मिनिटं मी खोलीतली साधी फुकटची हवा तोंडानं ओढत होते आणि ती नाकावाटे त्या मास्कमध्ये फुंकत होते. त्यांच्या गॅसचा एक कणही माझ्या आत गेला नव्हता. श्वास माझा धंदा आहे म्हणे. चांगली जिरली.

आतापर्यंत तो मला मॅडम म्हणत होता आणि आज एकदम बाई म्हणाला, हे मला जाणवलं. पण विचार करायला फुरसत नव्हती, कारण आता उलटं करायचं होतं. तोंड मिटायचं आणि नाकानं आत घ्यायचं. ऐकायला किती सोपं. मी तोंड मिटलं, नाकाला त्या ओलसर रबराची कड लागली, आणि अंगातला कणन् कण म्हणाला, पाणी आत येणार. मी मास्क ओरबाडून काढला आणि उठून बसले. मी खोटं कशाला सांगू, मी भ्याले होते, लहान पोर भितं तशी, आणि मला माझीच लाज वाटत होती. सून स्टुलावरून उठून माझ्या पायांशी येऊन उभी राहिली. ती आता हसत नव्हती. तिनं माझं पाऊल धरलं, नुसतं धरून ठेवलं.

डॉक्टरनं घाई केली नाही. घाबरायचं काय त्यात, असंही तो म्हणाला नाही, आणि ते वाक्य तिथे नव्हतं हे मला स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, फक्त एक श्वास. मी एक, दोन, तीन म्हणतो, तीनला नाकानं आत घ्या. नको वाटलं तर हात. एकच घ्यायचाय, पुढचा घ्यायचा की नाही ते नंतर बघू.

एक. दोन. तीन. मी घेतला. व्हॅनिला नाही, स्ट्रॉबेरी, आणि पाणी नाही. पिशवी जरा खाली बसली, तशा मदतनीसबाई म्हणाल्या, बसली. मग दुसरा घेतला. दर वेळी तो मोजायचा, दर वेळी तीनला थांबायचा. दहाव्या श्वासाला मोजायची गरज उरली नाही.

आणि मग तो गॅस आला. आधी बोटांची टोकं, मग तळवे, मग ओठांभोवती मुंग्या. मग पाठीखालची खुर्ची मऊ झाली आणि माझी मान, जिला मी पंधरा मिनिटं विनवण्या केल्या होत्या, ती आपण होऊन सैल झाली. दिवा तोच होता, ट्रे तोच होता, कागदाखाली काय आहे तेही मला माहीत होतं, पण ते सगळं जरा पलीकडे गेलं होतं, दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं. मी तरंगत होते. अडतीस वर्षं मी लोकांना तरंगायला लावतेय आणि स्वतः तरंगताना कायम पाय मारत राहिलेय, हे मला त्या खुर्चीत कळलं. मी तसं सुनेला सांगितलंही, बहुधा जरा मोठ्यानं. तू चांगली मुलगी आहेस, असंही सांगितलं, आणि तुझं सूप पांचट असतं, हेही.

डॉक्टर म्हणाला, "आता इंजेक्शन. तीन म्हटल्यावर टोचतो."

मी मनात म्हटलं, हे मला माहीत आहे. मी दोनला तयार राहिले. एक. दोन. मी वाट बघतेय, आणि काहीच नाही. तीन, आणि बरोबर तीनला हिरडीत मुंगी चावल्याइतकं काहीतरी झालं. मग तो बाजूला झाला, बधिर व्हायला वेळ द्यायचा होता.

मला राहवलं नाही. गॅसनं माझं तोंड सैल केलं होतं, ते तसंही फार घट्ट नव्हतं. मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, तुमचं तंत्र चुकतंय. दोनला टोचायचं. तीनपर्यंत माणूस आखडतो."

तो ट्रेवर काहीतरी नीट लावत होता. वर न बघता म्हणाला, "मला दोनला सोडलं होतं, बाई."

"कुणी?"

"तुम्ही."

मी विचार करत राहिले. गॅसमध्ये विचार चालतो, पण चपला घालून यायला वेळ लावतो. मी विचारलं, तुझं मी काय नाव ठेवलं होतं. त्यानं मास्क हनुवटीवर ओढला. चेहऱ्यावरून मला काहीच आठवलं नाही, पण तो म्हणाला, "गोचीड," आणि मला सगळं आठवलं.

लाल टोपी. आठ वर्षांचा असेल. पाण्यात नेलं की माझ्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारायचा आणि सुटायचा नाही, मानेवर नखांचे ओरखडे उठायचे. म्हणून गोचीड. सगळ्या बॅचसमोर. तिसऱ्या दिवशी मी त्याला उताणं झोपवलं, म्हटलं तीनला सोडेन, आणि दोनला सोडलं. शंभरातली नव्व्याण्णव तरंगतात. तो सरळ खाली गेला. मी लगेच वर काढला, दोन सेकंदही झाले नसतील, आणि तो ठसकत असताना कमरेवर हात ठेवून विचारलं, घाबरायचं काय त्यात? सगळी हसली. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याचा निळा टॉवेल खुंटीवर उन्हाळाभर लटकत होता. मी एकदाही विचारलं नाही की हा मुलगा कुठे गेला. बॅच भरलेली होती.

मला हसू आलं. त्या गॅसनं मला एकदाच हसवलं, ते या नावावर, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी निघून कानात जायला लागलं. उताण्या माणसाचं रडणं कानातच जातं. मदतनीसबाई सुनेला म्हणाल्या, होतं असं कधी कधी गॅसनं. गॅसनं नव्हतं ते. मी म्हटलं, "माझं चुकलं." अर्धी जीभ एव्हाना बधिर झाली होती, ते कसंतरीच निघालं, म्हणून मी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, कळलं बाई, आता तोंड मोठं उघडा.

मी उघडलं. चावले नाही.

पाऊण तास गेला. खरखर, पाण्याची फुरफुर, आणि मी नाकानं आत, नाकानं बाहेर, शहाण्या मुलीसारखी. एकदा खरंच दुखलं तेव्हा हात वर केला. तो थांबला, थोडं आणखी बधिर केलं, तीन मोजून. एकदा उगाच वर केला, तेव्हाही थांबला. शेवटची पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन. खुर्ची पुन्हा खुर्ची झाली, मी पुन्हा मी झाले, पण लाज तेवढी उतरली नाही, ती गॅसची नव्हतीच.

निघताना मी त्याला विचारलं की पोहायला पुढे कुणाकडे शिकलास. तो म्हणाला, कुणाकडेच नाही. मुलगी पाच वर्षांची आहे, ती हट्ट करते, मी काठावर बसतो आणि सांगतो की बाबांना सर्दी आहे. दोन वर्षं सर्दी आहे, म्हणाला. आणि ज्या दिवशी मी पंपाची थाप मारून पळाले, त्या दिवशी त्यानं नाव वाचून मला ओळखलं होतं, आणि त्याला बरं वाटलं होतं. हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

मी म्हटलं, रविवारी तलाव बंद असतो, किल्ली माझ्याकडे असते, सकाळी सातला ये. तो म्हणाला, रविवारी जरा कामं असतात. माझं वाक्य जिभेच्या टोकावर आलं, त्या बधिर जिभेच्या, आणि मी ते गिळलं. म्हटलं, नुसता पायरीवर बस. हात वर केलास की मी थांबेन.

रविवारी मी पावणेसातला कुलूप उघडलं. सातला त्याची गाडी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. तो गाडीतच बसून राहिला. मी पूर्वीची असते तर शिट्टी मारली असती. मी आत जाऊन पाण्यातला कचरा जाळीनं काढत बसले. सून माझ्याबरोबर आली होती, माझी दाढ आणि माझी जीभ या दोन्हींवर नजर ठेवायला. ती म्हणाली, बोलावू का? मी म्हटलं, नको, त्याचं तीन अजून झालेलं नाही. सात चाळीसला तो आत आला. अंगावर नवीकोरी पोहण्याची चड्डी, तिची किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

मी विचारलं, तू म्हणू ना? तो म्हणाला, गोचीड सोडून काहीही म्हणा.

पायरीवर वीस मिनिटं गेली. मग कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. चष्मा काढल्यावर तो मला पहिल्यांदा आठ वर्षांचा वाटला. तोंड पाण्यात घातलं आणि नाकात पाणी जाऊन बेजार शिंकला, कारण हा दिवसभर लोकांना नाकानं श्वास घ्या सांगत असतो. मी म्हटलं, आता उलटं. तोंडानं घे, नाकानं सोड. काठावर सून इतकी हसली की तिची चप्पल पाण्यात पडली.

मग तो उताणा झाला. डोळे गच्च मिटलेले, मान दरवाजासारखी. माझा तळहात त्याच्या पाठीखाली. मी म्हटलं, तीन म्हणेन तेव्हा काढेन, हात वर केलास तर नाही काढणार. एक. दोन. आणि माझा हात दोनला आपोआप हलला. अडतीस वर्षांची सवय, तो माझं ऐकेना. मी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरून ठेवलं. तीन. त्यानं हात वर केला. बरं, म्हटलं, पुन्हा.

असं आम्ही सतरा वेळा केलं. सतराही वेळा त्यानं हात वर केला. माझा खांदा भरून आला, दाढेत कळ आली, उद्या बेचाळीस पोरं यायची होती. अठराव्या वेळी मी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं, आणि त्याचा हात पाण्यातच राहिला. मान जराशी सैल झाल्यासारखी वाटली. हात काढावा की नाही ते मला ठरवता येईना. तो तसाच पडून होता, डोळे मिटून.

"बाई," त्यानं विचारलं, "सोडलात का हात?"

"नाही," मी म्हटलं.

हा प्रश्न मला हजारो पोरांनी विचारलाय आणि मी प्रत्येकाला हेच उत्तर दिलंय. त्या दिवशी ते पहिल्यांदा खरं होतं.